मागच्या दाराचं कुलूप

सूनबाईच्या मनगटाला प्लास्टर चढल्यापासून घरातलं प्रत्येक माणूस तिच्याशी कुजबुजत बोलत होतं. आप्पांना त्याचा वैताग आला होता. जन्मभर ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या घरात एका मोडलेल्या मनगटाचा आणि कपाळावरच्या टाक्यांचा एवढा बाऊ कशाला, असं त्यांना म्हणायचं होतं. पण म्हणायची सोय नव्हती, कारण कुजबुजणाऱ्यांत ते स्वतःही होते.

दुपारची जेवणं उरकून सगळे हॉलमध्ये बसले होते. संध्याकाळी सूनबाईला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जायचं होतं, आणि त्या जबाबात काय सांगायचं यावरून बाप-लेकाचं सकाळपासून वाजलं होतं. तेवढ्यात बेल वाजली आणि आप्पांचा धाकटा, सूनबाईचा नवरा, पटकन उठला. बेल वाजली म्हणून तो कधी जागचा हलत नसे. आप्पांना तिथेच शंका आली.

दारात त्याची मोठी बहीण, ताई, उभी होती. केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला साधी पिशवी.

"या फौजदारसाहेब," आत्या आतूनच म्हणाली.

आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. या घरात आप्पा घाबरत असतील तर फक्त तिला.

"आता मी फौजदार नाही, आत्या. नोकरी सोडली."

"ऐकलंय. चपला काढ आणि बस. बूट का होईनात, काढ."

आप्पांनी मुलाकडे पाहिलं. "हिला कोणी बोलावलं?"

"मी," धाकटा म्हणाला. "माहेरपणाला नाही, कामासाठी बोलावलंय. हॉस्पिटल कुठे कच्चं आहे ते बघून सांगेल. तिचा आता तोच धंदा आहे."

धंदा हा शब्द आप्पांच्या कानाला टोचला. नऊ वर्षं त्यांच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी याच मुलीने सांभाळली होती. अपघाताची केस आली की स्ट्रेचरची चाकं थांबायच्या आत तिचे हात कामाला लागलेले असत. आपल्यामागे हीच खुर्चीवर बसणार म्हणून आप्पा निर्धास्त होते. आणि एक दिवस ती उठून गेली ती थेट पोलिसांत. त्यानंतर बाप-लेकीत जे बोलणं राहिलं ते तब्येतीपुरतं आणि हवापाण्यापुरतं. तिची जागा पुढे सूनबाईने घेतली. तीही कॅज्युअल्टीचीच डॉक्टर. लग्न होऊन आली तेव्हा आत्याने गमतीने सूनबाई म्हणायला सुरुवात केली, आणि आता हॉस्पिटलचे वॉर्डबॉयसुद्धा तिला 'सूनबाई मॅडम' म्हणत.

"आणि आता पोलिसही सोडलंस," आप्पा म्हणाले. "म्हणजे काय करतेस नेमकं?"

"शाळा, कारखाने, हॉस्पिटलं. कोणी बोलावलं की जाऊन बघते. काही वाईट घडायचं असेल तर कुठून घडेल, ते आधी सांगते."

"बघा," आत्या म्हणाली, "डॉक्टर होतीस तेव्हा माणूस पडल्यावर धावायचीस. पोलिसात गेलीस, तेव्हा पडता पडता. आता पडायच्या आधीच हजर. अजून थोडी मागे सरकलीस तर माणूस जन्मायच्या आधी जाऊन पोचशील, की बाबा, येऊच नकोस."

ताई मोकळेपणाने हसली. सूनबाईसुद्धा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली, पण टाके ओढले गेले आणि तिने कपाळावर हात ठेवला.

हसणं ओसरल्यावर ताई तिच्याजवळ सरकून बसली. "काय झालं ते सांग मला."

सांगायला धाकट्याने सुरुवात केली. शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर. त्याची कॉलेजातली मुलगी स्कूटरवरून पडली, मागून टेम्पो आला. संध्याकाळी तिला आणलं, पोटात रक्तस्राव, काही केल्या थांबेना. ती गेली. बाप बाहेर बसला होता तो आत घुसला, त्याने लोखंडी स्टूल उचललं आणि—

"बसला नव्हता, उभा होता," आप्पा मध्येच म्हणाले. "मुलगी आत असताना कोणता बाप बसेल?"

"आप्पा, तुम्ही त्याचे वकील आहात का?"

"मी बाप आहे. तोही बाप आहे. त्या घटकेला माणसाला भान नसतं. तक्रार मागे घ्यायची आणि विषय संपवायचा. आपल्या हॉस्पिटलचं दार आजवर कोणाला बंद झालं नाही."

"आणि मी म्हणतो, त्याला जन्माची अद्दल घडली पाहिजे! बायको आहे माझी. उद्या तिच्या डोक्यात ते स्टूल नीट बसलं असतं म्हणजे?"

"माझ्यावरही लोक धावून आलेत. मी कधी पोलिसांकडे गेलो नाही."

"तुम्ही सहा फूट उंच होता, आप्पा," ताई शांतपणे म्हणाली. "पुरुष होता, आणि हॉस्पिटल तुमचं होतं."

ताईने मान वळवली. "मी तिला विचारलं होतं. उत्तरं तुम्ही दोघं देताय."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. प्लास्टरच्या कडेला एक धागा सुटला होता, तो ती उजव्या हाताने ओढत बसली होती.

"तक्रारीचं मला अजून नीट कळत नाही," ती म्हणाली. "एक मात्र कळतंय. मला परत तिथे पाऊल टाकवणार नाही."

"होईल सवय. सुट्टी घे महिनाभर," धाकटा घाईने म्हणाला.

"सुट्टी नकोय मला. मी सोडतेय."

आप्पांच्या मनात एकच आलं. आधी लेक, आता सून. त्यांनी ताईकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हा रोग तिनेच घरात आणला होता.

"तू काही बोलणार नाहीस का तिला?" त्यांनी विचारलं.

"मी कोणत्या तोंडाने बोलू?" ताई म्हणाली. "आधी जागा बघते. चला."

*

ताईला हॉस्पिटल दाखवताना धाकट्याला एरवी नसलेला हुरूप आला होता. त्याने सगळं ठरवून ठेवलं होतं. फाटकाला लोखंडी दार, कॅज्युअल्टीपुढे दोन धिप्पाड गार्ड, जागोजागी कॅमेरे, नातेवाइकांना फाटकाबाहेर मांडव. ताई फक्त लिहून सही करणार आणि मग आप्पांना काही बोलता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. लहानपणापासून या घरात ताईने म्हटलं की झालं, हा नियम होता. तो नियम एकदा तरी आपल्या उपयोगी पडावा, एवढीच त्याची इच्छा होती.

गाडीतून सगळेच आले होते. सूनबाई कॅज्युअल्टीच्या काचेच्या दारापर्यंत आली आणि थांबली. तिच्या वरच्या ओठावर घाम फुटला होता.

"मी गाडीत बसते," ती म्हणाली.

"बस," ताई म्हणाली. त्यापलीकडे तिने ना समजूत घातली, ना पाठीवर हात ठेवला. आत्या तिच्याबरोबर परत गेली.

धाकट्याला वाटलं होतं, ताई आत जाईल, भिंती बघेल, खिडक्या मोजेल. ती गेली आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. बराच वेळ बसली.

"काय बघतेस?"

"त्या माणसाला काय दिसत होतं ते."

धाकट्यानेही बघितलं. समोर बंद दार. दारावर 'शांतता राखा'. बाजूला चौकशीची खिडकी, तिच्यामागे रिकामी खुर्ची. दोनदा दार उघडलं, दोनदा सिस्टर घाईने गेली, आणि दोन्ही वेळा बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ अर्धे उठले आणि परत बसले.

"या खिडकीत एक बाई असायच्या ना?"

"दुपारनंतरची पाळी बंद केली. नुसत्या बसून असायच्या."

"नुसत्या नाही. आत काय चाललंय ते बाहेर सांगायच्या. माझ्या वेळी मी दर थोड्या वेळाने एक वाक्य त्यांच्या कानात सांगायचे, त्या येऊन ते इथे सांगायच्या. वाईट असलं तरी. माणसाला वाईट बातमीने जेवढं वेड लागत नाही ना, तेवढं बातमीच नसल्याने लागतं."

"म्हणजे चूक आपलीच? त्याने स्टूल घातलं ते काही नाही?"

"स्टूल त्याने घातलं. त्याची शिक्षा त्याला मिळू दे. मी पुढच्या माणसाचं बोलतेय. त्या आजोबांचं."

ती उठली आणि आत गेली. आतली खोली पुसून लख्ख केली होती. स्टूल मात्र तिथेच होतं, एक पाय किंचित वाकलेला. ताईने दारातून स्टूलापर्यंत, स्टूलापासून टेबलापर्यंत नजर फिरवली. मग ती टेबलाच्या पलीकडे, जिथे डॉक्टर उभी राहते तिथे उभी राहिली आणि मागे वळली.

तिच्या मागे एक अरुंद दार होतं. ते मागच्या व्हरांड्यात उघडायचं. दाराला कडी होती, आणि कडीला पितळी कुलूप.

"हे कधीपासून?"

"झाले दोन-तीन महिने. इंजेक्शनं गायब व्हायला लागली होती. मागून कोण येतं, कोण जातं, कळायचं नाही. मग मी..."

वाक्य तिथेच थांबलं. ताईने कुलपावर हात ठेवला होता, नुसता. आणि त्या हाताकडे बघताना धाकट्याला दिसलं, जे तीन दिवस त्याला कोणी दाखवलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. दारात तो माणूस, हातात स्टूल. मध्ये टेबल. आणि त्याची बायको वळून या दाराकडे धावते, कडी धरते, आणि कडी हलत नाही.

दाराच्या पांढऱ्या रंगावर, कडीच्या जरा वर, नखांचे चार ओरखडे होते.

"तिने सांगितलं नाही मला," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.

"मलाही नाही."

दारात आप्पा येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. धाकट्याचा तोल गेला तो ताईवर.

"तुला सोपं आहे! एक दिवस येतेस, बोट ठेवतेस आणि जातेस. तू मोकळी झालीस. मी राहिलो इथे. आप्पांचं दार उघडं, औषधं गायब, सिस्टरांचे पगार, लिफ्ट बंद, सगळं माझ्या डोक्यावर. कुलूप लावलं म्हणून मी राक्षस झालो का?"

"राक्षस कोण म्हणालं? औषधं चोरीला जात होती, तू दार बंद केलंस. माझ्या सगळ्या कामात मी हेच बघते रे. दुष्ट माणसाने केलेली गोष्ट क्वचित सापडते. सापडतं ते हेच. कोणीतरी चांगल्या कारणाने एक दार बंद केलेलं असतं."

धाकट्याने खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा काढला. किल्ली सापडेना, एकेक किल्ली दोन-दोनदा बघून झाली. शेवटी आप्पा पुढे आले, त्याच्या हातातून जुडगा घेतला, किल्ली निवडली आणि परत त्याच्याच हातात दिली.

"तूच काढ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

*

धाकटा कुलूप हातात घेऊन गाडीकडे गेला आणि ताई मागच्या व्हरांड्यात एकटी राहिली. एकेकाळी ड्युटी संपली की ती इथेच कठड्याला टेकून उभी राहायची. समोर कपडे वाळत घातलेले, त्यामागे ऑक्सिजनचे सिलिंडर. काही बदललं नव्हतं.

आप्पा येऊन शेजारी उभे राहिले. पूर्वी एवढं चालून त्यांना धाप लागत नसे, हे तिच्या लक्षात आलं.

"ती गेली तर कॅज्युअल्टी बंद पडेल," ते म्हणाले. "तू ये परत."

तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"तुझी खुर्ची आहे. हात विसरत नाहीत. आठवड्यात बसशील."

"हात विसरले नाहीत, आप्पा. पण मी येणार नाही."

"का? दमली होतीस म्हणून गेलीस. आता विश्रांती झाली."

"दमले असते तर झोपले असते. नोकरी कशाला सोडली असती?" ती म्हणाली. "तुम्ही मला तेव्हा विचारलंत, 'जातेस का?' मी 'हो' म्हणाले. 'का जातेस' हे तुम्ही विचारलंच नाहीत."

आप्पांनी कठडा धरला. "आज विचारतो."

तिला वाटलं होतं, हा प्रश्न आला तर आपल्याला राग येईल. तसं झालं नाही. ती साधं सांगत गेली.

"बाजारातल्या एका ऑफिसात माणूस पिस्तूल घेऊन घुसला होता, आठवतं? मी ॲम्ब्युलन्सबरोबर गेले. पोलिसांनी रस्त्याला दोरी बांधली होती. काचेतून आत दिसत होतं. एक जण मांडी धरून जमिनीवर बसला होता. त्याने माझा पांढरा कोट पाहिला आणि हात हलवला. रक्त थांबवायला मांडीला घट्ट पट्टा आवळायचा, बस, एवढंच काम. पट्टा माझ्या हातात होता. पण मी दोरीच्या अलीकडे. पोलिसांचंही बरोबर होतं, आतला माणूस गोळ्या झाडत होता. आम्हाला आत सोडलं तेव्हा आवळायला काही उरलं नव्हतं."

आप्पा वाळत घातलेल्या चादरींकडे बघत होते.

"डॉक्टरला दोरीपलीकडे जाऊ देत नाहीत. पोलिसाला जाऊ देतात. म्हणून पोलीस झाले. गेले मग, पुष्कळदा गेले. पट्टेही आवळले. काही माणसं आज चालतायत त्यामुळे."

"मग ते का सोडलंस?"

"कारण दोरी बांधायची ती काहीतरी घडून गेल्यावरच. मला आता दोरीच नकोय."

आप्पांनी कठड्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "मी लोकांना सांगत आलो, तिला रक्त बघवेना म्हणून गेली."

"माहितीये. मला तीन-चार जणांनी येऊन सांगितलं. एकाने तर गोळ्या लिहून दिल्या."

आप्पांच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याच क्षणी त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही एकदम झाल्याने त्यांना नेमकं काय लपवावं ते कळेना. ताई मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली.

"माझं दार," ते म्हणाले. "उघडं दार. तेही चुकलं का?"

"नाही. उघडंच ठेवा. पण ते फक्त आत यायचं दार होतं, आप्पा. बाहेर निसटायला तुमच्या माणसांना दारच नव्हतं. आणि बाहेरच्यांना आतलं सांगायला कोणी नव्हतं. गार्ड लागेल एखादा, तो ठेवा. पण आधी त्या खिडकीत माणूस बसवा."

आप्पा वळले आणि चालू लागले. ताईला वाटलं, ते गाडीकडे निघाले. ते चौकशीच्या खिडकीपाशी गेले, मागच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, आणि बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी हाताने जवळ बोलावलं.

"आत कोण आहे तुमचं?" त्यांनी विचारलं.

"बायको. छातीत दुखत होतं."

"थांबा. विचारून येतो," आप्पा म्हणाले, आणि क्षणापूर्वीच बसलेले ते गुडघ्यांवर हात टेकून परत उठले.

*

गाडीच्या खिडकीतून सूनबाईला नवरा येताना दिसला. त्याच्या हातात काय आहे ते तिने लांबूनच ओळखलं. आत्यानेही पाहिलं असावं. "मला पाय मोकळे करायचेत," असं म्हणून ती उतरली, आणि पाय मोकळे करायला म्हणून समोरच्याच झाडाखाली जाऊन उभी राहिली.

तो मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला. कुलूप त्याने मांडीवर ठेवलं होतं.

"हे मी लावलं होतं."

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्या माणसावर चिडला होतास, आप्पांवर चिडला होतास. म्हटलं, स्वतःवर चिडायची पाळी जरा उशिरा येऊ दे." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "खरं सांगू? मलाही बोलवत नव्हतं. बोलले असते तर तुझं तोंड बघवलं नसतं. आत्ता नाही बघवत तसंच."

त्याने तिचा चांगला हात धरला. माफ कर, असं तो म्हणाला की नाही ते तिला नंतर आठवेना. त्याचं कपाळ तिच्या खांद्याला टेकलं होतं आणि शब्द पोचत नव्हते.

"मी जबाबात सांगणार आहे," ती म्हणाली. "दाराला कुलूप होतं, हे."

"सांग."

"आणि तक्रार मागे घेणार नाही. आप्पांना आवडो, न आवडो. पण तू म्हणतोस तसं वाढवूनही सांगणार नाही. जे झालं तेवढंच."

"बरं."

ठाण्यात ताई आणि धाकटा दोघंही बरोबर आले. तिथली अधिकारी तिशीतली बाई होती. ताईला बघून ती सवयीने उठली आणि मग आता उठायचं कारण नाही हे आठवून ओशाळली. जबाब साधा झाला. सूनबाईने क्रमाने सांगितलं. कुलूप कोणी लावलं होतं, असं अधिकारी बाईंनी विचारलं तेव्हा धाकटा तिच्या आधी बोलला, "मी." सूनबाईने जबाब एकदा वाचला आणि सही केली.

बाहेर पडताना व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसलेली दिसली. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. तिने आधी प्लास्टर पाहिलं, मग कपाळावरची पट्टी.

"तुम्ही त्या डॉक्टर का?"

ताई अर्धं पाऊल पुढे सरकली. ती सवय होती. सूनबाईने तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं.

"हो."

"मी तिची आई." बाई उठली नाही. "मी त्या दिवशी बहिणीकडे गेले होते. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. ह्यांना विचारलं, आत काय झालं? म्हणतात, मला कोणी सांगितलंच नाही. नुसतं दार बघत होतो म्हणतात. मग एकदम कोणीतरी म्हणालं, गेली."

"तक्रार मी मागे घेणार नाही," सूनबाई म्हणाली. स्वतःचे शब्द तिला फार कोरडे वाटले.

"मी मागितलं का ते? त्यांनी केलं ते भरतील. मला फक्त माझ्या मुलीचं सांगा. कोणीच सांगत नाही."

धाकटा काहीतरी बोलणार होता. ताईने त्याला डोळ्यांनी थोपवलं आणि ती त्याला घेऊन पायऱ्यांपर्यंत गेली.

सूनबाई बाकावर बसली. तीन दिवस तिने त्या संध्याकाळचा शेवटच तेवढा आठवला होता: स्टूल, कडी, फरशी. त्याच्या आधीचं तिला कोणी विचारलंच नव्हतं. आता ते आठवायला लागली, तर सगळं जिथल्या तिथे होतं.

"आणली तेव्हा ती शुद्धीत होती," ती म्हणाली. "मी नाव विचारलं, ते तिने नीट सांगितलं. पोटात मार होता, पण फार दुखत नाही म्हणाली. आम्ही रक्त चढवायला सुरुवात केली. ऑपरेशनची तयारी चालली होती. मी सारखी तिच्याशी बोलत होते. स्कूटर कोणाची विचारलं, तर म्हणाली, मैत्रिणीची, आता ती माझा जीव घेईल."

बाईचे ओठ हलले. "तिचं बोलणं तसंच."

"घाबरली नव्हती. थंडी वाजते म्हणाली. पाय गार पडलेत म्हणाली. मग आमच्या सिस्टरनी दोन ब्लँकेटं घातली आणि तिचे तळवे हातात धरून चोळत बसल्या. शेवटपर्यंत धरले होते त्यांनी."

आईने डब्यावरचे हात उचलले आणि ते कुठे ठेवावेत हे न सुचल्यासारखे परत डब्यावर ठेवले.

"तिचे पाय कायमच गार," ती म्हणाली. "एवढी मोठी झाली, तरी झोपताना येऊन माझ्या पोटरीला लावायची. मी ओरडायचे. ढकलून द्यायचे तिला."

सूनबाईने आपला चांगला हात तिच्या हातावर ठेवला. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं नाही आणि ताईने मागे वळून पाहिलं नाही. ठाण्याच्या आवारात एक गाडी आली, दोन शिपाई बोलत बोलत आत गेले, फोन वाजला आणि थांबला.

बाईने पदराने डोळे पुसले आणि ती बाकावर जरा सरकली, सूनबाईला नीट टेकता यावं म्हणून.

"मग?" तिने विचारलं. "मग काय म्हणाली?"

आणि सूनबाई पुढचं सांगू लागली.